अंदमानात पाण्याखाली : नॉर्थ बे ते जॉली बॉय, स्वखर्चाने घेतलेला आढावा

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘स्नॉर्केलिंग समाविष्ट’ असे दोन शब्द छापलेले असतात (म्हणजे मास्क व नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे जग पाहणे) आणि अंदमानला निघालेला मराठी माणूस त्या दोन शब्दांवर भरवसा ठेवून बॅग भरायला घेतो. आम्हीही तेच केले. सांगलीहून आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि अकरा वर्षांची मुलगी, जानेवारीत दहा दिवसांसाठी गेलो होतो. त्यांतले पहिले चार दिवस एका सहल कंपनीबरोबर आणि उरलेले सहा दिवस तिची साथ सोडून आपल्या मनाने काढले. एकाच समुद्रात दोन्ही तऱ्हांनी उतरायला मिळाल्यामुळे तुलना करण्याचा थोडाफार अधिकार आला आहे असे मी समजतो. अंदमानच्या पाण्यात पाहण्यासारखे काय आहे, हा प्रश्न फारसा उरत नाही, कारण ते भरपूर आहे. परंतु ते आपल्याला कोण दाखवतो, एका वेळी किती जणांना दाखवतो आणि किती वेळ दाखवतो, यावर दिलेले पैसे वसूल होणार की वाया जाणार हे ठरते.

सुरुवात नॉर्थ बेपासून करतो, कारण जवळजवळ प्रत्येक सहल तिथूनच सुरू होते. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, येथील धक्क्यावरून बोटीने थोड्याच वेळात येथे पोहोचता येते, आणि वीस रुपयांच्या जुन्या तांबूस नोटेवर माडांच्या झावळ्यांमागे जे दीपगृह दिसायचे ते येथलेच, हे प्रत्येक मार्गदर्शक खिशातून नोट काढून दाखवतो. ठिकाण देखणे आहे. मात्र बोटीतून पाय खाली ठेवण्यापूर्वीच स्कूबा (पाठीला हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरणे), सी-वॉक (शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालणे), काचतळाची बोट, जेट स्की अशी दरपत्रके तोंडासमोर नाचू लागतात आणि पर्यटकाला विचार करायला दोन मिनिटेही मिळत नाहीत. आमच्या गटातल्या एका साठी उलटलेल्या गृहस्थांनी येथेच स्कूबा केले. त्यांना रक्तदाबाविषयी कोणी विचारले नाही, एका छापील कागदावर सही तेवढी घेतली, आणि पंधरा मिनिटांत ते ओले होऊन परतही आले. काय पाहिले असे विचारल्यावर ते म्हणाले, “फोटो छान आलाय.” याहून नेमका अभिप्राय मला देता येणार नाही. पाणी गढूळसर होते, बोटींची वर्दळ अखंड होती आणि आम्ही काचतळाच्या बोटीतून जो प्रवाळ पाहिला त्यातला बराचसा राखाडी पडलेला होता. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे आणि ज्यांना हॅवलॉक बेटावर जाणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी नॉर्थ बे ठीक. बाकीच्यांनी येथे दीपगृह पाहावे, शहाळे प्यावे आणि पैसे पुढच्या मुक्कामासाठी राखून ठेवावेत.

तो पुढचा मुक्काम म्हणजे हॅवलॉक. २०१८ च्या डिसेंबरात त्याचे नाव स्वराज द्वीप झाले आणि शेजारच्या नीलचे शहीद द्वीप. परंतु बेटावरचे रिक्षावाले, बोटवाले आणि हॉटेलवाले अजून जुनीच नावे घेतात, म्हणून मीही तीच वापरतो. कार्यक्रमपत्रिकेतले ते ‘समाविष्ट’ स्नॉर्केलिंग येथल्या एलिफंट बीचवर होते. जेट्टीवरून डोंगीने, म्हणजे छोट्या बोटीने, जायचे, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून फुटणाऱ्या पायवाटेने रानातून चालत जायचे. सहलीबरोबर डोंगीच मिळते. पाणी हिरवे-निळे, किनाऱ्यावर उन्मळून पडलेल्या प्रचंड वृक्षांचे पांढरे पडलेले बुंधे, आणि त्या बुंध्यांवर ओले टॉवेल वाळत घातलेले शेकडो पर्यटक, असे पहिले दर्शन घडते. हे बुंधे २००४ च्या त्सुनामीची खूण आहेत, असे डोंगीवाल्याने सांगितले.

आमच्या वाट्याचे स्नॉर्केलिंग असे होते. प्रत्येकाला एक मास्क, तोंडात धरायची वाकडी नळी आणि कमरेला बांधायचे जाकीट दिले गेले. मग चौघांना एका हवा भरलेल्या रबरी कड्याला धरायला लावून एक चपळ तरुण ते कडे दोरीने ओढत प्रवाळावरून फिरवू लागला. पोहता येत नसलेल्यांसाठी ही व्यवस्था खरोखर सोयीची आहे, हे मान्य केले पाहिजे. माझ्या पत्नीला पाण्याची भीती असूनही ती त्या कड्याला धरून निर्धास्त तरंगली. तक्रार आहे ती वेगाची. एखादा पोपटमासा प्रवाळाला चोच लावून खरवडतो आहे आणि त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो आहे, असे दृश्य समोर असताना कडे पुढे निघून जाते, कारण किनाऱ्यावर पुढचे चौघे मास्क लावून उभे असतात. आमची फेरी साधारण पंधरा-वीस मिनिटांची झाली आणि त्यातली निम्मी माझ्या मास्कमधले पाणी काढण्यात गेली.

या पाण्याची हकीकत सांगणे भाग आहे. मला मिशी आहे. मास्कची रबरी कड ओठाच्या वर नेमकी मिशीवर बसते, केसांच्या फटींतून पाणी झिरपते आणि दर मिनिटाला नाकाशी डबके साचते. मी तीन मास्क बदलून घेतले, पट्टा डोक्याला वळ उठेपर्यंत आवळला, आणि तरीही तेच झाले. तिथल्या कोणालाही कारण सुचले नाही किंवा सुचूनही सांगायला सवड झाली नाही. दोन दिवसांनी एका डायव्हिंग केंद्रातल्या प्रशिक्षकाने माझ्याकडे पाहताक्षणीच सांगितले की नाकाखालची वरची कड थोडी कातरून घ्या, पट्टा सैल करा, बाकी मिशी राहू द्या. मी हॉटेलवर कात्रीने तेवढे केले आणि पुढचे सगळे दिवस मास्क कोरडा राहिला. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टीत मला दोन्ही प्रकारच्या सेवांमधला फरक दिसला.

एलिफंट बीचच्या प्रवाळाविषयी एक गैरसमज दूर व्हायला हवा. तेथे गेलेले बरेच लोक ‘सगळे मेलेले आहे’ असे सांगतात आणि त्याचा सर्व दोष पर्यटकांच्या पायांना देतात. पायांचा दोष आहेच. ओहोटीच्या वेळी प्रवाळावर उभे राहून छायाचित्रे काढणारी माणसे मी स्वतः पाहिली. परंतु अंदमानच्या उथळ प्रवाळाला मोठा फटका बसला तो पाणी तापल्यामुळे. प्रवाळाच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला रंगही देते आणि अन्नही. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा गरम राहिले की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि तापमान लवकर उतरले नाही तर उपाशी मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी येथे असे मोठे प्रसंग घडले. त्यामुळे मोडक्या शाखांच्या ढिगाऱ्यातून नव्याने उगवणारी तळहाताएवढी जांभळी, पिवळसर झुडपे पाहताना मला तरी निराशा वाटली नाही. मासे मात्र भरपूर आहेत, कदाचित फाजील भरपूर, कारण काही मार्गदर्शक पर्यटकांना खूश करण्यासाठी बिस्किटे आणि पाव पाण्यात टाकतात. ते थांबले पाहिजे. सकाळी पहिल्या डोंगीने, भरतीची वेळ पाहून गेल्यास हे ठिकाण आजही पैसे वसूल करून देईल. अकरानंतर ती निव्वळ जत्रा असते.

चौथ्या दिवशी सहल पुढे गेली आणि आम्ही मागे राहिलो. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर ते विजयनगर या पट्ट्यात, डायव्हिंगची अनेक केंद्रे आहेत. आम्ही निवडलेल्या केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण चांगले केंद्र ओळखण्याच्या खुणा कळल्या तर नावाची गरज राहत नाही आणि प्रशिक्षक तर दर हंगामात बदलतात. पहिली खूण अशी की त्यांनी आम्हाला परत पाठवले. मला सर्दी झाली होती. आरोग्याची प्रश्नावली भरताना दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे, फिट येणे, अलीकडची शस्त्रक्रिया असे प्रश्न वाचत मी ‘सर्दी’ या रकान्यात प्रामाणिकपणे होकार लिहिला, तेव्हा समोरच्या मुलीने पेन खाली ठेवून शांतपणे सांगितले की आज नाही, उद्या सकाळी नाक मोकळे असेल तर या. नाक चोंदलेले असले की कानाच्या आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळवता येत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. एक दिवस वाया गेला, पण पैसे मागितले नाहीत, कुरकुर केली नाही. गिऱ्हाईक दारात आलेले असताना त्याला परत पाठवणारा व्यवसाय मला त्या बेटावर दुसरा दिसला नाही. माणशी साडेचार हजार रुपये घेतले, त्यात छायाचित्रे आणि चित्रफीत आली. नॉर्थ बेच्या दराशी तुलना करता आकडा मोठा वाटतो; पण मिनिटांनी भागून पाहिला तर वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बोलावले. अंदमानात घड्याळ भारताचे आणि सूर्य ब्रह्मदेशाचा, असा प्रकार असल्यामुळे त्या वेळी ऊन चांगले वर आलेले असते, आणि संध्याकाळी साडेपाचला अंधारही पडतो. बेत होता नेमो रीफचा. बोट लागत नाही. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचे आणि तळ हळूहळू उतरत जातो तसे उतरत जायचे. कोणतेही प्रमाणपत्र नसलेल्या नवशिक्यांना आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे बारा मीटरपेक्षा खाली नेत नाहीत आणि दहा वर्षांखालच्या मुलांना नेतच नाहीत. मुलगी अकराची असल्यामुळे ती या नियमात जेमतेम बसली. प्रत्येकाला स्वतंत्र प्रशिक्षक मिळाला, ही दुसरी खूण. तिसरी अशी की खोल पाण्यात नेण्यापूर्वी कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवून त्यांनी जवळजवळ अर्धा तास सराव करून घेतला: तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारे साधन) काढून पुन्हा लावणे, मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने फुंकून बाहेर घालवणे, नाक चिमटीत धरून कान मोकळे करणे, आणि हाताच्या खुणा. अंगठा वर केला की आपल्याकडे ‘झकास’. पाण्यात त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. सारे ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करायचे. माझ्या पत्नीने उत्साहाच्या भरात दोनदा अंगठा दाखवला आणि दोन्ही वेळा तिला इमानेइतबारे वर आणण्यात आले.

माझी पंचाईत वेगळीच होती. मी कृष्णेच्या सरकारी घाटावर पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस. बुडी मारून तळाची वाळू मुठीत धरून वर यायचे आणि कोण जास्त वेळ दम धरतो त्यावर पैजा लावायच्या, हे आमचे शिक्षण. स्कूबामध्ये नेमके तेच वर्ज्य आहे. दहा मीटर खाली पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. सिलिंडरमधून येणारी हवा त्या दाबाने फुप्फुसात भरते, आणि दम धरून वर यायला लागलो की दाब कमी होत जाऊन तीच हवा प्रसरण पावते व फुप्फुसाला इजा करू शकते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला आणि शेवटचा नियम. मला तो तोंडपाठ झाला, पण पाण्यात डोके बुडाले की चाळीस वर्षांची सवय आपोआप छाती गच्च करायची. प्रशिक्षक समोर गुडघ्यांवर बसून हाताने लाट उठल्यासारखी खूण करत राहिला, सोडा, घ्या, सोडा, घ्या; बुडबुडे बंद झाले की तो माझ्या छातीवर बोटाने टकटक करायचा. पत्नीला पोहताच येत नाही. त्यामुळे तिच्याकडे विसरायला काही नव्हते आणि ती माझ्या आधी तयार झाली. पोहता येत नाही म्हणून या अनुभवापासून लांब राहणाऱ्या वाचकांनी, विशेषतः वाचक स्त्रियांनी, एवढे ध्यानात घ्यावे.

मग आम्ही खाली गेलो. तिथले वर्णन करताना संयम ठेवावा लागेल. सुरुवातीला नुसती वाळू, तिच्यावर बोटभर जाडीच्या काळ्या समुद्रकाकड्या आणि उन्हाची थरथरणारी जाळी. कानांत दर मीटरभर उतरल्यावर दडा बसतो, नाक धरून फुंकले की ‘टक’ असा आवाज होऊन मोकळे होते. पाच-सहा मीटरवर प्रवाळाचे पहिले मोठे दगड लागले आणि त्यांच्या आडोशाला समुद्रफुलाचा बशीएवढा गुच्छ, ज्याच्या बोटांसारख्या पाकळ्यांतून नारिंगी क्लाउनफिशची जोडी आत-बाहेर करत होती. ज्यांच्या डंखाने दुसरे मासे बधिर होतात त्या पाकळ्यांत हा मासा अंगावरच्या चिकट थरामुळे सुखरूप राहतो. मी हातभर अंतरावर थांबलो, तर त्यांतला मोठा मासा सरळ माझ्या मास्कच्या काचेवर धावून आला. अंगठ्याएवढा जीव, पण घर आपले आहे हे त्याने बजावून सांगितले. कड्याला धरून ओढत नेणाऱ्या फेरीत हे दिसले नसते; येथे आम्ही त्या एका गुच्छासमोर किती वेळ होतो कोण जाणे, प्रशिक्षक घाई करत नव्हता.

मुलीच्या मनगटावर नरसोबाच्या वाडीहून आणलेला लाल गंडा होता. खाली गेल्यावर तिने तो माझ्यासमोर धरला. तो काळपट तपकिरी दिसत होता. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे काही मीटरवरच कुंकवासारखा रंग विझून जातो. प्रशिक्षकाने छोटी विजेरी त्यावर रोखली आणि गंडा पुन्हा झळझळीत लाल झाला. मग त्याने तीच विजेरी जवळच्या दगडावर धरली, तेव्हा तोवर करडा वाटणारा तो दगड शेंदरी, जांभळ्या आणि पिवळ्या ठिपक्यांनी भरलेला निघाला. दहावीपर्यंतचे सगळे भौतिकशास्त्र त्या एका मिनिटात उपयोगी पडले असे मुलीचे म्हणणे आहे. ती अजून सहावीत आहे, हा भाग सोडा.

त्या भागात आम्ही एक मोठा शिंपला पाहिला, ज्याच्या उघड्या ओठांवर मोरपिशी ठिपके होते आणि सावली पडताच जो आवळून बंद झाला. खडकाच्या कपारीत लायनफिश होता, त्याच्या लांब, पट्टेदार काट्यांना विष असते म्हणून तो लांबूनच दाखवला. आणि वर पाहिले तर चंदेरी माशांचा एक थवा ढगासारखा सरकत होता. वेळ संपत आल्याची खूण झाली तेव्हा सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा सत्तरच्या आसपास होता. दोनशेपासून सुरुवात करून पन्नास उरण्याच्या आत वर यायचे असा संकेत आहे, आणि मी पत्नीपेक्षा कितीतरी जास्त हवा पिऊन टाकली होती. एकूण चाळीस मिनिटे झाली होती.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. केंद्रातली कपडे बदलण्याची खोली एकच, तिला कडी नीट लागत नव्हती आणि स्त्रियांना ताटकळावे लागत होते. वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचे अंगाबरोबरचे रबरी कपडे, मापाचे असले तरी ओलेच दिले गेले. सराव आणि सूचना हिंदी व इंग्रजीत झाल्या, ज्याची आम्हाला अडचण नव्हती, परंतु आमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या आजी हिंदीतले ‘कान बराबर करो’ ऐकून कानातले ठीक करू लागल्या, तेव्हा मला दुभाषी व्हावे लागले. आणि छायाचित्रे देण्याचे ज्या संध्याकाळी कबूल केले होते त्यानंतर दोन दिवसांनी ती मिळाली. यातले काहीही जिवावर बेतणारे नाही.

हॅवलॉकची खरी कीर्ती मात्र या उथळ खडकांवर उभी नाही. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार ही खोल पाण्यातली ठिकाणे बोटीने बरेच दूर जाऊन गाठावी लागतात आणि ती शिकलेल्यांसाठी आहेत. ‘ओपन वॉटर’ हा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केला की अठरा मीटरपर्यंत आणि त्यापुढचा केला की तीस मीटरपर्यंत परवानगी मिळते. मी तेथे उतरलेलो नाही, म्हणून मत देणार नाही. पण संध्याकाळी केंद्रात परतणारे लोक बॅराकुडा आणि तांबोशीच्या जातीतल्या माशांच्या भिंतींविषयी ज्या आवाजात बोलत होते, तो आवाज ओळखीचा होता. पंढरीहून परतलेली माणसे साधारण तशीच बोलतात. त्यांच्या बोटीचा तांडेल करेन समाजातला होता. ब्रिटिशांनी १९२० च्या दशकात ब्रह्मदेशातून मध्य अंदमानात आणून वसवलेल्या या समाजातली बरीच माणसे आज डायव्हिंगच्या बोटींवर काम करतात, आणि वाऱ्याचा व प्रवाहाचा अंदाज घेण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही, असे प्रशिक्षकच सांगतात.

नील बेटावर आम्ही एक पैसाही न देता स्नॉर्केलिंग केले, म्हणजे अगदी खरे सांगायचे तर सांगलीहून निघताना घेतलेले दोन मास्क आणि दोन नळ्या एवढ्या भांडवलावर. भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर अशी किनाऱ्यांची रामायणी नावे ऐकूनच घरी आल्यासारखे वाटते. भरतपूरचा किनारा जेट्टीला लागून आहे, उतार सौम्य आहे आणि जाकीट घालून मुलेसुद्धा बिनधास्त तरंगू शकतात. फक्त भरती-ओहोटीचे वेळापत्रक हॉटेलमधून आदल्या रात्री लिहून घ्यावे. पहिल्या दिवशी आम्ही ते विचारले नाही आणि ऐन ओहोटीला पोहोचलो, तर समुद्र हाकेच्या अंतरावर मागे गेलेला, मधे गुडघाभर पाणी आणि तळाला धारदार मृत प्रवाळ. चपला असूनही पायाला ओरखडे आले. दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी तोच किनारा ओळखू येईना. अनोळखी जागी मात्र एकट्याने उतरू नये. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याच्या टोकाशी असलेल्या एका कोपऱ्यात २०१० मध्ये स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला होता, आणि इशाऱ्याच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नसतात.

जॉली बॉयविषयी थोडक्यात, कारण तिथे तक्रारीला जागाच कमी आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातले हे निर्मनुष्य बेट. वंडूरहून बोट सुटते, वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते आणि बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत. सामान खरोखर तपासतात. आमच्या पिशवीतला भडंगाचा पुडा स्टीलच्या डब्यात ओतायला लावला आणि पिशवी ठेवून घेतली. पावसाळ्यात हे बेट बंद असते, त्यामुळे खडकांना विश्रांती मिळते आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. काचतळाच्या बोटीतूनही जे प्रवाळ दिसले ते एलिफंट बीचवर पाण्यात तोंड घालून दिसले नव्हते. वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हीच जागा निवडावी. जेवणाची सोय नाही, राहण्याची नाही, वेळ मोजका. आणि तेच बरे आहे.

इतके पैसे घालून इतक्या लांब जाण्यापेक्षा मालवण काय वाईट, असे मला परतल्यावर अनेकांनी विचारले. मालवणला मी दोनदा गेलो आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होणारे स्कूबा स्वस्त आहे, आपल्या भाषेत सूचना मिळतात, आणि १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या त्या पाण्यात मासे उत्तम आहेत. परंतु अरबी समुद्राच्या किनाऱ्यालगत नद्यांचा गाळ येतो, दृश्यता अनेकदा दोन-चार मीटरवर अडते, आणि गर्दीच्या दिवसांत शिडी धरून उतरवणे, फोटो काढणे, वर घेणे हे नॉर्थ बेच्याच चालीवर चालते. ज्यांना पाण्याखाली श्वास घेता येतो की नाही एवढेच तपासायचे आहे त्यांनी मालवणला जावे, आणि नीट शिकायचे असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करावी. ते जमले, आवडले, तर मग अंदमानचा खर्च करावा. उलट क्रमाने गेल्यास मालवण फिके वाटेल आणि त्यात मालवणचा काही दोष नसेल.

कार्यक्रमाच्या आखणीविषयी एक सूचना. स्कूबा केल्यावर लगेच विमानात बसायचे नसते. एकदाच उतरला असाल तर किमान बारा तास आणि अनेकदा उतरला असाल तर अठरा तास थांबायचे, कारण दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळूच बाहेर पडतो आणि विमानातला कमी दाब त्याचे बुडबुडे करू शकतो. आम्हाला केंद्राने परतीचे तिकीट दाखवायला लावले होते. ही चौथी खूण समजावी. सहल कंपन्या सेल्युलर जेल पहिल्याच संध्याकाळी, विमानाच्या थकव्यात, तासाभरात उरकतात. ते शेवटच्या दिवसासाठी ठेवावे, म्हणजे थांबण्याचे तासही भरतात आणि सावरकरांच्या कोठडीपुढे मागून कोणी ‘चला, चला’ म्हणत नाही. फक्त त्या दिवशी जेल बंद नाही ना, हे तिकीट काढतानाच पाहून घ्यावे.